पटावरचे आणि बाकावरचे

उर्दू शाळेत हजेरी घेताना नाव पुकारले की मूल उत्तर देते, ‘हाजिर, जनाब!’ हल्ली काही मुले ‘प्रेझेंट सर’ म्हणतात, एखादा आळशी नुसताच हात वर करतो. पण ‘हाजिर’ अजून गेलेला नाही. हा शब्द मोठ्या खानदानाचा आहे. हजर, हजेरी, हुजूर, हजरत ही सगळी एकाच अरबी धातूची लेकरे. मराठीने तर त्यांना दत्तक घेऊन हुजऱ्याही केला आणि पुण्यातल्या मुलींच्या शाळेला हुजूरपागेचे नावही दिले. याच घराण्यातला एक शब्द मात्र मराठीत आला नाही. मशिदीतच राहिला. तो शब्द म्हणजे हुजूर-ए-कल्ब. मनाची हजेरी.

कोर्टात हजर राहिले नाही तर वॉरंट निघते. शाळेत हजर राहिले नाही तर पटावर खूण होते. मशिदीत हजेरी घेणारा कोणी दिसत नाही, म्हणून तिथे गैरहजर राहणे सगळ्यात सोपे. अंग सफेत उभे असते, ओठ हलत असतात, रुकू, सज्दा सगळे वेळेवर होत असते. आणि मन? मन तकबीर संपायच्या आत चपला घालून बाहेर पडलेले असते.

आम्ही ‘आम्ही’ लिहितो याचे वाचकांनी वेगळे वाटून घेऊ नये. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि पंचायत समितीत मराठी अशी आमची तीन भाषांची कसरत. पहिल्या दोन्हींत ‘हम’ची सवय लागलेली. मराठीत ‘मी’ लिहायला घेतले की हात थबकतो. शिवाय या लेखात जो ‘मी’ शोधायचा आहे, तो आधीच गृहीत धरून लिहिणे आम्हाला बरे वाटत नाही.

२०११ साली आम्ही बी.एड. करीत होतो. त्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. वाचकांना आठवत असेल. गावोगाव पथके फिरली, कागदावरची मुले आणि बाकावरची मुले मोजली गेली, आणि दोन्ही आकड्यांत किती अंतर असू शकते हे महाराष्ट्राने पाहिले. आम्ही तेव्हा सराव पाठासाठी एका शाळेत होतो. पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, फळ्यावरचे अक्षर, यांतच जीव अडकलेला. तरी त्या दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली ती कायमची: पटावर असणे आणि बाकावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे तसव्वुफची पुस्तके चाळताना हारिस मुहासिबी भेटले. बसऱ्याचे, नवव्या शतकातले. मुहासिबी हे नावच मुळी मुहासब्यावरून पडलेले, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणारा. आम्हाला एकदम पटपडताळणी आठवली. फरक एवढाच, की इथे पथकही आपणच, हेडमास्तरही आपणच आणि बोगस विद्यार्थीही आपणच.

आता थोडे आमच्या पटाविषयी. आमची शाळा तालुक्याच्या गावातली. उर्दू माध्यमाची, एक अंजुमन चालवते. विनाअनुदानित म्हणून सुरू झालेली. राज्याने आधी ‘कायम विनाअनुदानित’ असे नाव दिले, २००९ साली ‘कायम’ हा शब्द काढला, २०१६ पासून पात्र शाळांना वीस टक्क्यांचा टप्पा दिला. कागदावर हे तीन ओळींत संपते. जगायला मात्र सबंध उमेद जाते. आम्ही रुजू झालो तेव्हा दाढीत एकही पांढरा केस नव्हता. वैयक्तिक मान्यतेची फाईल अजून फिरते आहे. मान्यता नाही म्हणून शालार्थ आयडी नाही, आयडी नाही म्हणून शासनाचा पगार नाही. संस्था देते ते मानधन. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, रात्री घरातून फॉल-पिकोच्या मशीनचा आवाज. रोज शेकडो वेळा मुलांची हजेरी घेणारा माणूस स्वतः कुठल्याच पटावर नाही. लग्नाच्या बोलणीत कोणी विचारले होते, ‘लडका परमनंट है क्या?’ त्याचे उत्तर आमच्या सासऱ्यांनी दिले. त्यांचा आमच्यावर मोठा उपकार आहे. ते म्हणाले, ‘परमनंट तो अल्लाह की जात है.’

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या प्रश्नाने घरात मुक्काम ठोकला. ज्याला मान्यता नाही तो कोण? फाईल पास झाली म्हणजे आम्ही कोणी होणार, तोवर जे जगतो आहोत ते प्रतीक्षा यादीतले जगणे. असा माणूस वर्गात उभा असतो पण जगत असतो पुढच्या जी.आर.मध्ये. नमाजेत उभा राहिला तरी तेच. पहिल्या रकातीत शिक्षणाधिकारी कार्यालय, दुसऱ्या रकातीत गॅसची टाकी, तिसऱ्यात मुलीच्या शाळेची फी. सलाम फेरला की आठवतच नाही आपण किती रकाती पढलो.

अशा काळात इमाम गझालींचे चरित्र वाचनात आले. नाव लहानपणापासून ऐकलेले, पण ते शिक्षक होते हे कधी नीट ध्यानात घेतले नव्हते. १०९१ साली बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची नेमणूक झाली. त्या काळातली याहून मोठी शिक्षकाची जागा दुसरी नव्हती. शेकडो शागीर्द समोर बसत. आणि १०९५ मध्ये एक दिवस वर्गात उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. जीभच बंद झाली. अन्नावरची वासना उडाली, हकिमांनी हात टेकले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता आणि उत्तर त्यांना झोपू देत नव्हते. शेवटी हजला जातो असे सांगून ते बगदादमधून निघाले. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दिवसच्या दिवस दार लावून बसले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. आमचेही तेच वय.

वाचून आधी अंगावर काटा आला आणि मग, खरे सांगतो, थोडे हसू आले. इमाम साहेबांना सोडायला नोकरी होती. आम्हाला ती अजून मिळायचीच आहे. मिनारात बसायचे म्हटले तर शिकवणीची मुले साडेपाचला दारात येतात.

पण त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये नमाजेवर जे प्रकरण आहे ते सोडवेना. बाहेरच्या अटी सगळ्यांना ठाऊक असतात. वुजू, किब्ला, वेळ. नमाजेच्या आतल्या सहा गोष्टी ते सांगतात. हुजूर-ए-कल्ब, समज, ताजीम, हैबत, उमेद आणि हया. पहिली गोष्ट मनाची हजेरी, कारण ती नसेल तर बाकीच्या पाचजणी येणार कोणाकडे? आणि मन हजर का राहत नाही, याचे त्यांनी दिलेले कारण कोणत्याही मानसशास्त्राच्या पेपरात शोभेल असे आहे. मन ‘हिम्मत’च्या मागे जाते, असे ते म्हणतात. मराठीत आपण हिंमत म्हणजे धाडस समजतो. मूळ अर्थ आहे काळजीचा विषय, ओढ. जिथे तुमची ओढ तिथे तुमचे मन. ते रिकामे बसत नाही. नमाजेत नसेल तर जिथे ओढ आहे तिथे ते पूर्णपणे हजर असते. आमच्या वर्गातल्या मुलाचे लक्ष नाही असे आपण म्हणतो. लक्ष असतेच, खिडकीबाहेरच्या पतंगावर असते.

मग उपाय? इमाम साहेबांनी एक दृष्टांत दिला आहे. झाडाखाली बसून कोणी विचार करतो आहे आणि वर चिमण्यांचा गोंगाट आहे. काठीने चिमण्या उडवल्या तर त्या पुन्हा येऊन बसतात. कायमची शांतता हवी तर झाडच तोडले पाहिजे. झाड म्हणजे दुनियेची हाव.

इथे आम्ही अडलो. बरेच महिने अडून राहिलो. हाव असेल तर झाड तोडावे, मान्य. पण आमच्या झाडावर बंगला नव्हता, गाडी नव्हती. घरभाडे होते, अम्मीच्या शुगरच्या गोळ्या होत्या, मुलीची फी होती. हे झाड तोडायचे कसे? तोडले तर त्याच्या सावलीत बसलेली माणसे कुठे जातील? मोठमोठ्या बयानांतून ‘दुनिया छोडो’ ऐकताना आम्हाला नेहमी वाटत आले आहे की सोडण्यासारखी दुनिया आधी हातात यावी लागते.

याचे उत्तर मध्य आशियातून आले आणि सापडले औरंगाबादेत. बुखाऱ्याजवळ गिजदुवान नावाचे गाव आहे. तिथले ख्वाजा अब्दुल खालिक गिजदुवानी यांच्या नावाने नक्शबंदी सिलसिल्यात आठ सूत्रे सांगितली जातात. ‘होश दर दम’, श्वासाश्वासात भान. ‘नजर बर कदम’, पावलावर नजर. ‘सफर दर वतन’, घरच्या घरी प्रवास. आणि चौथे, ज्याने आम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलो, ‘खल्वत दर अंजुमन’. अंजुमन म्हणजे मैफल, सभा, माणसांची गर्दी. त्या गर्दीतच एकांत. आम्ही तर आयुष्यभर अंजुमनच्याच नोकरीत! दाखल्यावर, पावतीवर, शिक्क्यावर रोज तो शब्द पाहत आलो होतो आणि त्याच्या शेजारी कोणी खल्वत ठेवली आहे याचा पत्ता नव्हता.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बी.एड.च्या मित्राकडे आम्ही कधीमधी जातो. पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली असते. सहलीची मुले हौद बघतात, मासे बघतात, फोटो काढतात आणि भेळ खातात. बाजूला बाबा शाह मुसाफिर यांचा मजार आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. हे बाबाही गिजदुवानचे. नक्शबंदी. आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश गाजीउद्दीन खान फिरोज जंगच्या लष्कराबरोबर दख्खनभर फिरत. घोडे, तोफा, रसद, मरणारे सैनिक, आणि त्यात हा फकीर. याहून मोठी अंजुमन कुठली? तिथे खल्वत साधत असेल तर वीस बाय बावीसच्या वर्गखोलीत साधायला काय हरकत? शेजारी तक्यात फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी जाते फिरवीत असे. जिक्रही तिथेच, दळणही तिथेच.

पण पुस्तक वाचून आणि मजार पाहून माणूस हजर होत नाही. याची पहिली तालीम खरे तर आमच्या घरातच झालेली होती, ती ओळखायला उशीर लागला इतकेच. अब्बा शिंपी होते. बाजारपेठेत पाच बाय सातचे दुकान. २०१९ साली गेले. त्यांना नक्शबंदी-चिश्ती काही ठाऊक नव्हते. नमाज झटपट उरकायचे, तरावीहला डुलक्या घ्यायचे. मात्र कापड कापायला घेतले की दुकानात सन्नाटा. खडूची खूण, टेपचे माप, मग कात्री. त्या वेळी गिऱ्हाईक असो, नगरसेवक असो, बोलायचे नाही. ‘कैंची चलरी तो बात नक्को कर,’ असे म्हणायचे. कापड एकदा कापले की कापले. त्या दहा मिनिटांत अब्बांना उधारी नव्हती, दमा नव्हता, मुलगा बी.एड. होऊन घरी बसला आहे ही चिंता नव्हती. चेहरा असा व्हायचा की आम्ही लहानपणी ते बघायला म्हणून स्टुलावर बसून राहायचो. लोक म्हणतील, हे कसब झाले, अध्यात्म नव्हे. म्हणोत. आम्हाला कात्रीच्या त्या आवाजात आणि हुजूर-ए-कल्बमध्ये जातीचा फरक दिसत नाही, फक्त किब्ल्याचा फरक आहे.

आता आझाद मैदान. २०२५ च्या जुलैत विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक टप्पा अनुदानासाठी तिथे जमले होते. आम्हीही रात्रीच्या गाडीने गेलो. पाऊस, चिखल, प्लास्टिकच्या कागदाखाली बसलेली चाळिशी-पन्नाशीची माणसे. कोणी विज्ञानाचा, कोणी भूगोलाचा. जोहरची वेळ झाली. आम्ही आठ-दहा जणांनी एक जुना फ्लेक्स उलटा करून अंथरला. बीडकडचे एक मराठी माध्यमाचे गुरुजी स्वतःची छत्री धरून बाजूला उभे राहिले, न सांगता. व्यासपीठावरून घोषणा चालू. लाऊडस्पीकरचे तोंड नेमके आमच्याकडे.

तकबीर बांधली. नेहमीप्रमाणे फाईल आली. आम्ही तिला हाकलले नाही. का कोण जाणे, हाकलायची ताकदच उरली नव्हती. ती आली, उभी राहिली, आणि आम्ही तिच्याकडे पाहिले. आणि पाहताना लक्षात आले, की फाईलची काळजी करणारा एक आहे आणि त्या काळजी करणाऱ्याला पाहणारा दुसरा आहे. पहिल्याचे नाव कुठल्याच पटावर नाही म्हणून तो रडतो आहे. दुसऱ्याला पटाची गरजच नाही. तो आधीपासून हजर आहे. सज्द्यात कपाळ ओल्या फ्लेक्सवर टेकले तेव्हा पावसाचा थेंब, घोषणेतला ‘झालेच पाहिजे’, शेजाऱ्याच्या गुडघ्याची कट्कन झालेली हालचाल, सगळे ऐकू येत होते आणि कशाचाच अडथळा होत नव्हता. चिमण्या होत्या. झाडही होते. त्याखाली कोणीतरी निवांत बसले होते.

एवढेच झाले. नूर दिसला नाही, आवाज आला नाही. चार रकाती होत्या, त्यांतल्या दीडेक. आमच्यासारख्याला दीड रकात पुष्कळ झाली. मुराकबा या शब्दाचा अर्थ पाहत राहणे, पहारा देणे. त्याच धातूवरून अल्लाहचे एक नाव आहे, रकीब, सतत पाहणारा. जिब्रीलच्या हदीसमध्ये एहसानची जी व्याख्या येते, आपण त्याला पाहत नसलो तरी तो आपल्याला पाहतो आहे या जाणिवेने बंदगी करण्याची, ती आम्ही नववी-दहावीच्या मुलांना अनेकदा समजावली आहे. त्या दिवशी ती आम्हाला कोणीतरी समजावली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हिचा गैरफायदा घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. तो जो दुसरा आहे, ज्याला पटाची गरज नाही, त्याच्या नावावर पहिल्याचा पगार कापता येत नाही. मैदानावरून परतल्यावर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, की बेटा, घोषणा देणे शिक्षकाला शोभत नाही, सब्र कर, अल्लाहशी लौ लाव. आम्ही अदबीने ऐकून घेतले. पण सब्र हा शब्द दुसऱ्याच्या भुकेवर ठेवायचे झाकण नव्हे. आम्हाला ती दीड रकात घोषणांच्या मधोमध मिळाली, घोषणा सोडून नव्हे. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी मराठीत ‘योगसंग्राम’ रचला. आतल्या युद्धाची पोथी. उर्दू माध्यमातल्या आमच्यासारख्यांना तो फार उशिरा, तालुक्याच्या वाचनालयात भेटतो, हेही एक दुखणेच. त्या नावातच सगळे आहे. योग आहे आणि संग्रामही आहे. बाहेरचा लढा टाळण्यासाठी आतला लढा पुढे करणाऱ्यांनी निदान नाव तरी नीट वाचावे.

तसेच, तसव्वुफ बिदअत आहे की नाही या वादात आम्ही शिरत नाही. हात कुठे बांधायचे यावरून आमच्या गावात दोन मशिदी झाल्या. दोन्हींत आम्ही पढलो आहोत. मन दोन्हींतून सारखेच पळते. आणि हल्ली मोबाईलवर ‘वर्तमानात जगा’ शिकवणारे दरमहा पैसे घेऊन कान धरतात, त्यांच्याबद्दल तर काय बोलावे. वर्तमानात जगायला सांगणे सोपे आहे. ज्याचे वर्तमान थकबाकीत आहे त्याला तिथे राहण्यासाठी थोडी जागा करून द्यावी लागते.

वर्गात आता हजेरीला आम्हाला सात-आठ मिनिटे लागतात. पूर्वी दोनात व्हायची. नाव घ्यायचे आणि चेहरा पाहायचा, मग पुढचे नाव. हेडमास्तर घड्याळ दाखवतात. पण त्या सात मिनिटांत आठवीतल्या एका मुलाच्या नखांत ग्रीस दिसले आणि तो रात्री गॅरेजवर असतो हे कळले. त्याला पहिल्या तासाला झोप का येते हे विचारावे लागले नाही. एक मुलगी ‘हाजिर’ म्हणताना ओठ आवळते, तिचा दात दुखत होता. असे रोज काही ना काही. मुलांनाही कळले आहे की सर बघतात. आता ती नीट बसून उत्तर देतात, काही तर केस नीट करून.

फाईल ऑगस्टमध्ये त्रुटीसह परत आली. सहपत्रातल्या तारखांचा तक्ता पुन्हा करा असा शेरा. रात्री चटई टाकून आम्ही पट्टीने रेघा मारायला बसलो. रुजू दिनांक, जाहिरात दिनांक, ठराव क्रमांक, एकेक रकाना. मशीनवरून उठून बेगम काहीतरी विचारायला आल्या, बहुधा दुधाचे. अम्मी पलंगावरून म्हणाल्या, ‘अब्बी बात नक्को कर उससे. कैंची चलरी.’